नारपोलीकरांची बायको

नारपोली, भिवंडी
१२ जानेवारी १९८३

तुम्हाला,

पत्रात आधी नमस्कार लिहायचा असतो, मला ठाऊक हाय. पण राग अजून उतरला न्हाय, म्हणून तो राखून ठेवलाय. 'महिनाभरात येतो' सांगून गेलात. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत दारात आली. तुमचा महिना कुठल्या कॅलेंडरातला, तेवढं तरी सांगून जायचं होतं.

हा पत्ता तुम्ही दिलेला न्हाय. तुमच्या त्या गिरगावच्या प्रकाशकाचं, रामनाथभाऊंचं कार्ड फळीवर सापडलं, त्यावरून घेतला. त्यांना म्हटलं तुम्ही असाल तिथं पत्र पोचवा. पाकिटावर तुमचं नाव माझ्या शेजारच्या मशीनवरच्या शमीमने घातलंय. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत न्हाय, मग हाताने कशी घेऊ? शमीम पोट धरून हसली. म्हणाली, "अगं सीते, पळून गेलेल्या नवऱ्याचा एवढा मान?" तिला म्हटलं, पळून गेले न्हाईत, समुद्र बघायला गेलेत.

मी बोलते तसंच लिहिणार. शुद्ध लिहायचं काम तुमचं. सातवीपर्यंत शिकले मी, तुमची शाळा तर चौथीतच सुटली. पण आपल्या गावच्या, अंबाडीच्या वाण्याच्या पुड्या सोडवून, त्यांचे कागद सपाट करून तुम्ही वाचायला बसायचे. कुणी शिकवलं न्हाय, कुणी वळण लावलं न्हाय, नि एक दिवस म्हणालात, मी कादंबरी लिहिली. मला त्यात नवल वाटलं न्हाय. ती कादंबरी मला आधीच पाठ होती.

आठवतं का? गुलाम हुसेन शेठचा कारखाना. लूमचा असा दणका की शेजारचा मेला तरी कळायचं न्हाय. तिथं माणूस कानाने ऐकत न्हाय, डोळ्याने ऐकतो. समोरच्याचे ओठ बघायचे नि समजून घ्यायचं. तुम्ही दारापाशी लूमवर, मी भिंतीकडे कांडीच्या मशीनवर, धोट्यात बसणाऱ्या त्या नळ्यांवर सूत भरत बसलेली. तुमच्या धोट्यात सूत शाबूत, बाजूची टोपली कांड्यांनी भरलेली, नि तरी हात वर करून ओठ हलवायचे, 'कांडी दे.' मी टोपली घेऊन आले की गोष्टीचा पुढचा तुकडा सांगायचे, तोंडातून आवाज न काढता. दर्या, गलबत, चाचे, सगळं. तुमची पहिली कादंबरी मी वाचली न्हाय नि ऐकली पण न्हाय, बघितली. आपलं गुपित हाय असं दोघांना वाटायचं, नि ओठ तर अख्खा कारखाना वाचत होता! शेठनेच शेवटी सांगितलं, लग्न करा नि माझ्या कांड्या वाचवा.

नि त्या रामनाथभाऊंनी कादंबरी वाचून म्हटलं, "तुमच्या समुद्राला खाडीचा वास येतो." झालं! खरा दर्या बघितल्याशिवाय लिहिणार न्हाय म्हणून तुम्ही पिशवी उचलली.

बघून झाला असेल तर या. तिळगूळ ठेवते डब्यात.

सीता


नारपोली
२ जुलै १९८४

मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली ते पेपरात आलंच असेल. गलबतावर पेपर येत नसेल तर बंदरावर तरी येत असेल.

मी बरी हाय. शमीमच्या घरी होते. तिच्या आईने मला आतल्या खोलीत घेतलं, दाराला कडी लावली नि म्हणाली, "तू माझी पोर, कुणी विचारलं तर तोंड उघडू नको." लूम सगळे बंद. एवढी शांतता मी नारपोलीत कधी ऐकली न्हवती. आपल्या गल्लीत चिमण्या हायत हे तेव्हा कळलं.

शांततेत काय होतं, माणूस कान देऊन बसतो. दाराशी जरा काही वाजलं की वाटायचं, तुम्हीच. मनाशी म्हणायची, बातमी ऐकून तरी हा माणूस येईल. कुठं का असेना, येईल. कर्फ्यू उठला, दुकानं उघडली, शेठने उरलेले लूम चालू केले. तुम्ही आला न्हाईत. 'जिवंत हाय का?' एवढं विचारणारं कार्ड पण न्हाय.

मला रडायला येत होतं तेव्हा शमीमने चहा केला. ती पण रडत होती. तिच्या मामाचं घर गेलं होतं, माझं काय गेलं होतं? तरी मी जास्त रडले.

आठवण येते. झालं, लिहिलं. आता पुढच्या पत्रात हे लिहायला नको.

सीता


नारपोली
२० नोव्हेंबर १९८५

अहो लेखक!

एसटी स्टँडवरच्या स्टॉलला तुमचं पुस्तक दोरीला लटकलेलं. 'मांडवीचा चोर नाखवा'. वर एक दाढीवाला, हातात कोयता. खाली नाव, आडनाव नारपोलीकर. मी तिथंच उभी राहिले. स्टॉलवाला म्हणाला, "बाई, घ्यायचंय की बघायचंय?" नाव घेता येईना, बोट दाखवून घेतलं.

नारपोलीत राहायचं न्हाय, नि नाव मात्र नारपोलीकर! बरं हाय तुमचं.

एका बैठकीत वाचून काढलं. शमीमला रोज एक प्रकरण सांगते, मशीनवर बसून, ओठांनी. पलीकडचे लूमवाले पण माना वळवून बघतात. समुद्राला आता खाडीचा वास येत न्हाय, ते मान्य. प्रस्तावनेत तुम्ही स्वतःचं लिहिलंय, गलबतावर भात करपला म्हणून नाखव्याने तुम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं, ते खरं वाटलं, कारण घरी पण तुम्ही भात करपवायचे. पण पोरबंदरला चोर समजून पोलिसांनी धरलं, नि तुम्ही फौजदाराला गोष्ट सांगून सुटलात, हे खरं, की बोलाचीच कढी नि बोलाचाच भात?

आता भांडणाचं बोलते. नायकाची बायको तिसऱ्या प्रकरणात बुडून मेली. का? ती बिचारी घरी होती, भाकरी थापत होती. तुम्ही तिला मुद्दाम किनाऱ्यावर नेली, होडीत बसवली नि बुडवली. पुढं नायक मोकळा, सातासमुद्रापार जायला तयार.

गावी गेले होते. पंढरीभाऊजी म्हणाले, "वहिनी, तो मेला असंच समजा. किती दिवस कुंकू लावून बसणार?" मी पुस्तक पुढं आपटलं. म्हटलं, मेलेला माणूस दिवाळीला कादंबरी काढतो काय? तुमचेच भाऊ ते, उलटसुलट करून बघितलं नि म्हणाले, "यात आपलं गाव न्हाय कुठं." मला पण तेच वाटलं होतं, पण त्यांना सांगितलं न्हाय.

बायको बुडाली ती बुडाली. मी इथं कोरडी हाय नि कांडी भरतेय.

सीता


नारपोली
७ मार्च १९८८

'सर्कशीतला चौथा वाघ' वाचलं. 'डिझेल आणि धुकं' पण वाचलं.

रामनाथभाऊंचं कार्ड येतं अधूनमधून. ते सांगतात, तुम्ही आंध्रात सर्कशीच्या पाट्या रंगवल्यात, मग आसामच्या ट्रकवर क्लीनर झालात. ट्रक दरीच्या कडेला लटकला नि तुम्ही रात्रभर केबिनमध्ये हालचाल न करता बसून पुढचं प्रकरण मनात रचलंत. लोकांना हे ऐकून मजा वाटते. मी ऐकून देवाला नारळ फोडून येते. मग राग येतो की नारळ का फोडला.

माझी पत्रं तुम्हाला मिळतात, असं पण रामनाथभाऊ म्हणतात. मग उत्तर का न्हाय, हे विचारलं तर म्हणतात, "वहिनी, तो तोंडाने किती बोलतो, तुम्हाला माहीत हाय. पत्र लिहायला बसला की कागद फाडतो." हे कसलं लेखकाचं सोंग? दोनशे पानं लिहिता येतात नि 'बरा हाय' लिहिता येत न्हाय?

सर्कशीत बायकोला हत्तीने तुडवलं. ट्रकमध्ये पटकीने गेली. तीन पुस्तकं, तीन बायका, तिन्ही खपल्या. माझ्याकडून काय पाप झालं? मी तुमच्यामागे धावले न्हाय, आडवी आले न्हाय, पिशवीत लाडू पण घातले. की बायको जिवंत ठेवली तर परत यावं लागतं, याची भीती वाटते?

एकच मागणं हाय. एका पुस्तकात तिला जगू द्या. पैठणी नको, पालखी नको. शेवटच्या पानापर्यंत नुसती जिवंत.

माझे कान कमी झालेत. डॉक्टर म्हणाला, लूमच्या आवाजाने सगळ्यांचं होतं. बाजारात भाजीवाल्याचं तोंड बघून भाव समजून घेते. तो बोलता बोलता मान फिरवतो तेव्हा मी फसते. तुमचा आवाज कसा होता ते आठवायला बसले परवा, आठवेना. ओठ आठवतात. 'क' म्हणताना खालचा ओठ किंचित डावीकडे जायचा.

सीता


नारपोली
९ डिसेंबर १९९०

अहो!

वाचलं. दोनदा वाचलं. शमीमला सांगताना मला हुंदका आला, नि ती बिचारी मशीन बंद करून बसली. शेठ ओरडला, त्याला पण सांगितलं. आता सगळ्या कारखान्याला ठाऊक हाय.

ती जगली! 'परतीचा नाका'. नाव वाचूनच छाती धडधडली होती. नायक सगळं जग हिंडून वज्रेश्वरीच्या जत्रेच्या दिवशी अंबाडी नाक्यावर एसटीतून उतरतो. पलीकडे रसाच्या गाड्यापाशी त्याची बायको उभी, हिरव्या लुगड्यात. तो रस्ता ओलांडणार, तिला हाक मारणार, नि तिथंच तुम्ही पुस्तक संपवलंत. लोक म्हणतात अर्धवट सोडलं. लोकांना काय कळतंय?

मला कळलं. हेच तुमचं पत्र. इतक्या वर्षांनी आलं, पण सगळं लिहून आलं, गाव पण, दिवस पण, गाडा पण. हिरवं लुगडं माझ्याकडे हायच, तुम्हीच घेतलेलं.

जत्रेला मी अंबाडी नाक्यावर उभी असेन. पुढचं पान आपण तिथं बघू.

तुमची सीता


नारपोली
१६ एप्रिल १९९१

उभी होते.

सकाळच्या पहिल्या गाडीपासून. जत्रेची गर्दी, वाड्याच्या गाड्या, भिवंडीच्या गाड्या, ट्रकमधून ढोल-ताशे. माझ्या कानात तर सगळा एकच घोंगाट. प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्याचं तोंड बघितलं. मधेच एका म्हातारीने पाणी मागितलं, तिला रसाच्या गाड्यावरून पाणी दिलं, तेवढीच पाठ वळली असेल. रसवाल्याने मला दोनदा फुकट रस पाजला, त्याला वाटलं कुणी बाई हरवलीय. हरवलेलीच होते.

गोष्टीतल्या बाईला तारीख दिली म्हणून मी जाऊन उभी राहिले! मूर्ख कोण, तर मीच. कादंबरीला पत्र समजले. तुम्ही एक गोष्ट लिहिलीत, लोकांनी वाचली, विसरले. मी लुगडं नेसले.

पंढरीभाऊजी जत्रेतून येताना दिसले. माझ्या लुगड्याकडे बघून पुढं गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता लिहिणार न्हाय. पुस्तक आलं तरी वाचणार न्हाय. बायकोला मारा, जगवा, तुमची मर्जी.

सीता


नारपोली
८ ऑगस्ट १९९२

तुम्हाला,

लिहिणार न्हाय म्हटलं होतं. पण काल जे झालं त्यानंतर न लिहून चालणार न्हाय. हे पत्र रामनाथभाऊंच्या पत्त्यावर टाकत न्हाय, सरळ तुमच्या वॉर्डाच्या पत्त्यावर टाकतेय. नि पाकिटावर नाव मी घातलंय. माझ्या हाताने. शमीम बघत राहिली.

रामनाथभाऊंचं कार्ड बुधवारी आलं. 'वहिनी, त्याने सांगू नका म्हटलंय, पण आता लपवणं पाप होईल. गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला.' कारखाना शुक्रवारी बंद असतो, म्हणून काल मुंबईला हॉस्पिटलात आले.

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हटलं, आमचे मालक. तो म्हणाला, "बाई, इथं सगळ्यांचेच मालक हायत. नाव सांगा." मागं एवढी रांग. मग बोलले, चांगदेव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कालच. तोंडातून निघालं नि माझंच मला कसंतरी झालं, देवळात मोठ्याने बोलल्यासारखं. वाटलं, इतक्या वर्षांत आपण एकदा तरी हे नाव घेऊन हाक मारायला हवी होती.

रामनाथभाऊ जिन्यावर भेटले. तिथं त्यांनी मला जत्रेचं सांगितलं.

तुम्ही आला होता! माझ्या देवा, तुम्ही आला होता. घसा तेव्हाच बसलेला. तुम्ही गाडीतून उतरलात, रस्त्याच्या अलीकडे उभे राहिलात, मी पलीकडे रसाच्या गाड्यापाशी, तुमच्याकडे पाठ. तुम्ही हाक मारली नि गळ्यातून आवाजच फुटला न्हाय. पुन्हा मारली. नुसती हवा. ढोल वाजत होते, मी म्हातारीला पाणी देत होते. नि तुम्ही दुसऱ्या गाडीत चढून निघून गेलात. रामनाथभाऊंना कागदावर लिहून दाखवलंत, "मी तिला आयुष्यात दिलं काय, तर बोलणं. तेवढंच होतं, ते पण संपलं."

अहो, पण रस्ता ओलांडून खांद्याला हात लावता येत न्हवता? आसामच्या दरीत लटकायला भीती वाटली न्हाय, पोरबंदरच्या फौजदाराची वाटली न्हाय, नि अंबाडीचा रस्ता ओलांडायला वाटली? मला ऐकून असा राग आला की जिन्यावरच ओरडले. नर्स धावत आली.

मग तुमच्या खाटेपाशी. किती वाळलात. केस पिकले ते चांगले दिसतात, ते सोडा. गळ्याला फडकं. मला बघितलंत नि पाटी ओढलीत. दर्याच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस नि हातात पोरासारखी पाटी! लिहिलंत, 'आवाज गेला. आता मी तुझ्या काय कामाचा? जा.' नि भिंतीकडे तोंड केलंत.

मी तुमच्या पाठीशी बोलत बसले. चिमण्या, शमीमच्या मुलीचं लग्न, शेठ गेले ते, आता त्यांचा मुलगा हाशिम कारखाना बघतो ते. काय काय बोलले. पाठ हलली न्हाय. मग घंटा झाली, वॉर्डबॉयने सगळ्यांना बाहेर काढलं नि काचेचं दार लावलं.

तुम्हाला वाटलं मी गेले. मी गेले न्हवते. पदर दारात अडकला होता, तो सोडवत उभी होते. वर बघितलं, नि तुम्ही कूस बदलली होती. दाराकडे बघत होता. तुम्हाला काचेत मी नीट दिसले की न्हाय, ठाऊक न्हाय. तुमचे ओठ हलले.

खालचा ओठ किंचित डावीकडे गेला.

'कांडी दे.'

मी काचेवर दोन्ही हात आपटले. वॉर्डबॉय म्हणाला, "बाई, वेळ संपली, उद्या या." त्याला काय सांगू काय ऐकलं ते? मी ओठांनीच उत्तर दिलं, 'आणते, आणते', पण मधे नर्स औषधाची गाडी घेऊन आली नि तुम्ही दिसेनासे झालात. म्हणून हे पत्र.

नीट ऐका आता. माझे कान जवळजवळ गेलेत. तुमचा आवाज परत आला असता तरी मला तो ऐकू आला नसता. तुम्हाला आवाज न्हाय, मला कान न्हाय, असा जोडा शोधून मिळणार न्हाय! मुंबईत तुम्ही मुके. नारपोलीत न्हाय. आपल्या कारखान्यात कुणाचाच आवाज कुणाला येत न्हाय, सगळे तुमच्यासारखेच बोलतात. हाशिमशेठला मी आज सकाळी विचारलं. तो म्हणाला, चांगदेवभाऊंना दारापाशी खुर्ची टाकतो, लूम चालवायचा न्हाय, फक्त गोष्ट सांगायची, लोक ड्युटी सोडून चहाला पळायचे बंद होतील. मागच्या रांगेतल्या भैया लोकांना मराठी ओठ वाचता येत न्हाईत, त्यांना शमीम हिंदीत करून सांगेल.

'परतीचा नाका' तुम्ही जिथं सोडलंत, तिथून पुढचं आता तुम्हीच मला सांगायचं हाय. ती बाई रसाच्या गाड्यापाशी अजून उभी हाय, तिला किती ताटकळवाल?

राखून ठेवलेला नमस्कार आता घ्या. राग उतरला न्हाय, पण नमस्कार घ्या.

येत्या शुक्रवारी येते. डॉक्टरने सोडलं तर घेऊनच जाणार. न सोडलं तर घंटा होईपर्यंत बसणार. पाटी नर्सला परत देऊन टाका. नि तेवढं एक करा, भिंतीकडे वळू नका.

तोंड दाराकडे करून बसा.

सीता